अर्धा बटाटा

साडेसहाला पट्टा सुरू होतो.
सामन मासे येत राहतात,
बिनडोक्याचे, एका मापाचे, गुलाबी,
आणि मी चिमट्यानं त्यांचे काटे उपटते.
इथे हात लागतात. डोकं कुणी मागत नाही,
ना माशाचं, ना माझं.

म्हणून ते फिरायला जातं.
रबरी बूट दारात काढून ठेवतं
आणि अनवाणी निघतं.
परवा एका गायीशी बोलत बसलं होतं.
काल त्यानं कारखान्याच्या छपरावर
कोबी लावला, रांगेनं,
आणि आज
“ओर्तेन्सिया!”
बेलार्मिनो काचेवर अंगठी वाजवतो,
“कुठे असतेस गं?”
इथेच, मी म्हणते.
तेवढ्यात काटा सापडतो, नशीब.

संध्याकाळी चुलीजवळ बसून
एक बटाटा निवडते.
आमच्या चिलोएत बटाट्यांना
माणसांहून जास्त नावं.
हा जांभळ्या गराचा, वाकडा,
बाजारात याला कुणी हात लावत नाही.
मधोमध कापला की आत
दुधाचा ओघळ गेल्यासारखी एक रेघ.
ओली कड फडक्यानं टिपायची,
नाहीतर शाई पसरते.
शाई ऑफिसातली, निळी.
‘तपासले’ हा शिक्का दिवसभर आपटतो ना,
त्याच्या बाटलीचा गाळ.
मार्गोतनं फेकून दे म्हणून दिली होती.
कागद म्हणजे पगाराच्या पावत्यांची पाठ.
पुढून वाचण्यासारखं त्यात काही नसतंच.

पहिल्यांदा मी नाव कोरलं, स्वतःचं.
सरळ कोरलं, मन लावून.
उमटलं ते कुठल्यातरी परक्या लिपीत.
शेजारचा पोरगा हसून हसून लोळला.
तेव्हापासून जीभ दातात धरून
सगळं उलटं कोरते:
गाय, कोबी, बेलार्मिनोची अंगठी,
एक मासा, डोकं असलेला.

विकणार आहेस का, बहीण फोनवर विचारते,
नाहीतर मग कशाला?
काय सांगू.
सकाळपर्यंत बटाटा सुरकुततो,
गायीला दाढी फुटते,
परवा तो कोंबड्यांपुढे.

काल घर कोरलं.
मी सात वर्षांची असताना
आम्ही धाकटं बेट सोडलं, तेही घरासकट.
खाली ओंडके, पुढे बैलांच्या बारा जोड्या,
तसं काठापर्यंत, मग थेट पाण्यात,
आणि दोर लावून होडीनं ओढत पलीकडे.
खिडक्यांपर्यंत भरती आलेली
आणि आई काठावरून ओरडतेय,
चूल विझवली का रे कुणी?
पट्ट्यापाशी मला रोज तेच दिसतं.
फक्त घरात कुणी नसतं
आणि धुराड्यातून धूर येत असतो.

होडी पुढे, घर मागे, दोर ताणलेला,
तोंड उजवीकडे. म्हणजे केयोनकडे. म्हणजे इकडे.
थकले होते. उलटं कोरायचं विसरून गेले.
दाबून धरलं, उचललं,
तर घर परत निघालं होतं.

चूक म्हणून कागद चुरगळणार होते.
हात थांबला.
मग दुसऱ्या पावतीवर उमटवलं, तिसऱ्या,
मार्च, एप्रिल, मे,
अख्ख्या वर्षाचा पगार पालथा घालून
घरं पाठवत राहिले बेटाकडे,
फिकी, आणखी फिकी.
डिसेंबरचं तर जवळजवळ नुसतं पाणीच,
पण धूर आलाय त्यात.

बेटावर आता कुणी राहत नाही.
बोटही जात नाही तिकडे.
घराच्या जागी म्हणे काटेरी झुडपं माजलीत,
पिवळ्या फुलांची.

आज जूनची पावती बुटात घालून आणली.
चालताना टोचते.
हातमोज्यात बोटं अजून निळी आहेत
आणि बेलार्मिनो काचेमागं घड्याळ बघतोय.

बटाट्याचा दुसरा अर्धा भाग
घरी पाण्यात बुडवून ठेवलाय.
काय कोरायचं ते ठरलं नाही.
फार भूक लागली तर सूप.